वसतिगृहाचा मुलींवर होणारा परिणाम

“ज्या गावात देवळं जास्त, त्या गावात चोऱ्याही जास्त,” हेर्लेकर सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले. “हे खरं आहे. आकडे तसंच सांगतात. मग काय करायचं? देवळं पाडायची?”

“देवळात पोलीस बसवायचे, सर,” मागच्या बाकावरून बजरंग म्हणाला.

सर वळले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की रागावले तरी ते समजूत घालताहेत असं वाटायचं. “अरे, गाव मोठं असलं की देवळंही जास्त असतात आणि चोऱ्याही जास्त होतात. दोन गोष्टी जोडीनं चालल्या म्हणजे एक दुसरीला हात धरून नेते असं नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. लिहून घ्या.”

आम्ही लिहून घेतलं. एम. ए. मानसशास्त्राचं आमचं पहिलं वर्ष होतं. माणसाचं मन समजून घ्यायला आधी वर्गमूळ काढावं लागतं हे प्रवेश घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर दहावीनंतर गणिताला कोपरापासून नमस्कार केलेला.

तेवढ्यात शिपाई दारात आला. “अनसूया हाके कोण हाय? तात्यासाहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तात्यासाहेब मुळीक म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा फोटो प्रत्येक वर्गात होता, सरस्वतीच्या शेजारी आणि तिच्यापेक्षा थोडा मोठा. त्यांनी आजवर ज्या ज्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं, तो नंतर कॉलेजात दिसला नव्हता. मी हेर्लेकर सरांकडे पाहिलं. सर खडू पुसत होते. खडू पुसायची काही गरज नसते.

प्राचार्यांच्या खोलीत तात्यासाहेब प्राचार्यांच्या खुर्चीत बसले होते आणि प्राचार्य डॉ. बोंद्रे स्वतःच्याच खोलीत उभे होते.

“ये पोरी, ये,” तात्यासाहेब म्हणाले. “हाके म्हणजे जतकडची न्हवं? वडील काय करतात?”

“मेंढरं आहेत, साहेब.”

“मेंढरामागनं आलेली पोर संशोधन करती! बोंद्रे, हे लिहून ठेवा, भाषणात घ्यायचंय.”

“घेतलं, साहेब,” बोंद्रे म्हणाले.

मला काही कळेना. तेव्हा बोंद्रे सरांनी टेबलावरचे कागद उचलून माझ्यापुढे धरले. अक्षर माझंच होतं. वर ठळक शाईत शीर्षक होतं: ‘वसतिगृहाचा मुलींच्या मानसिक समायोजनावर होणारा परिणाम’.

तो संख्याशास्त्राचा गृहपाठ होता. सरावासाठी दिलेला. सरांनी सांगितलं होतं, कुठलेही दोन गट घ्या, एक चाचणी भरून घ्या, दोन्ही गटांची सरासरी काढा, फरक किती ते बघा. मी स्वतः वसतिगृहात राहायची. मग लांब कशाला जायचं? आमच्याच मजल्यावरच्या पंधरा मुली घेतल्या आणि घरून येणाऱ्या पंधरा घेतल्या. ‘तुम्हाला शांत झोप लागते का?’ ‘आपलं कुणी नाही असं वाटतं का?’ असे चाळीस प्रश्न होते. घरच्या मुलींची सरासरी वर आली, आमची बरीच खाली. गणित बरोबर आलं याचाच मला इतका आनंद झाला होता की मी शीर्षकाला दोन रेघा मारल्या.

सरांनी खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘आकडेमोड बरोबर. निवड चुकीची. यावरून निष्कर्ष काढू नये.’ तपासलेले गृहपाठ प्राचार्यांच्या कार्यालयात जमा व्हायचे. मी कागद उलटून पाहिले, टेबलावर पाहिलं, तर ते शेवटचं पान कुठेच नव्हतं.

“वसतिगृहात राहून पोरी खचतात,” तात्यासाहेब म्हणाले. “हे मी कधीचं म्हणत होतो, पण नुसत्या माझ्या म्हणण्याला कोण विचारतंय? आता शास्त्रानंच सांगितलंय. येत्या शनिवारी वर्धापनदिनाला तुझा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ. आणि त्याच दिवशी जाहीर करायचं, की मुलींच्या मनाची काळजी म्हणून वसतिगृह जूनपासून बंद.”

“बंद?”

“त्या इमारतीत फार्मसीचं कॉलेज आणतोय,” बोंद्रे सर घाईनं म्हणाले. “तो योगायोग आहे.”

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा योगायोग आणि कारण यांतला फरक स्पष्ट पाहिला, पण परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

मला शिकायला पाठवताना माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, स्वतः वसतिगृह बघायला आले होते. त्यांनी कॉलेज पाहिलं नाही, ग्रंथालय पाहिलं नाही. कंपाउंडची भिंत हातानं थोपटून पाहिली. रेक्टर माने काकूंशी दोन शब्द बोलले. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “हितं ऱ्हा. भिंत चांगली हाय.” आमच्या गावाला दिवसातून एकच एसटी यायची, तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं. भिंत गेली की माझं शिक्षण गेलं. घरी मामाचा मुलगा तयारच होता. तो वाईट नव्हता, पण माझ्याशी लग्न हा त्याचाही निर्णय नव्हता.

वसतिगृहात बातमी माझ्याआधी पोचली होती. रात्रीच्या जेवणाला मी पाटावर बसले, तशा दोन्हीकडच्या मुली ताट घेऊन सरकल्या. भाजीचं पातेलं माझ्यापर्यंत आलंच नाही. फक्त नसीम मुल्ला, माझी खोलीतली जोडीदारीण, होती तिथेच बसली. ती इतिहास घेऊन एम. ए. करत होती.

“चाळीस प्रश्न विचारलेस तू मला,” ती म्हणाली, “आणि मी खरी उत्तरं दिली. आमच्या अम्मीला सुद्धा मी एवढं खरं सांगत नाही.”

“अगं, तो सराव होता!”

“तो आठवडा कुठला होता, आठवतंय?”

आठवत होतं. त्या आठवड्यात पाण्याची मोटर जळली होती. आम्ही पहाटे उठून शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून बादल्या आणत होतो. बादली खाली ठेवून, पदर पिळत, मुलींनी ‘शांत झोप लागते का?’ याचं उत्तर दिलं होतं. आणि घरच्या मुलींनी तीच चाचणी भरली होती कँटीनमध्ये, गरम वडे खाताना.

“मग हे जाऊन सांग,” नसीम म्हणाली. “तुला सांगता येतं. मला विचारशील तर मी फक्त इतिहास सांगीन, आणि इतिहास असा आहे की आमच्या घरातली कॉलेजला आलेली मी पहिली. शेवटची पण मीच व्हायला नको.”

दुसऱ्या दिवशी मी बोंद्रे सरांकडे गेले. मोटरचं सांगितलं, वड्यांचं सांगितलं, पंधरा मुलींवरून काही ठरत नाही हेही सांगितलं.

“बाळ,” ते म्हणाले, “हा तुझा विनय आहे. मोठे संशोधक असेच विनयशील असतात.”

“सर, विनय नाही, चूक आहे. निष्कर्ष निघत नाही त्यातून.”

“तू लिहिलंस तोवर ते तुझं होतं. आता अध्यक्षांनी वाचलं. आता ते संशोधन झालं.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि हे बघ, शाल आणलीये.”

तिथून मी हेर्लेकर सरांकडे गेले. मानसशास्त्र विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. सर डबा खात होते. मला पाहून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

“सर, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही लाल शाईत लिहिलं होतं.”

“लिहिलं होतं,” सर म्हणाले. मग डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट दाबलं. “हाके, मी अजून कायम नाही. दरवर्षी जूनमध्ये माझी मुलाखत होते. घेणारे तात्यासाहेबच.”

“मग वर्गात कशाला शिकवता, सर? देवळं आणि चोऱ्या?”

“अभ्यासक्रमात आहे,” ते म्हणाले.

इतका राग मला त्याआधी कुणाचाही आला नव्हता. तात्यासाहेबांचासुद्धा नाही. तात्यासाहेबांना संख्याशास्त्र येत नव्हतं. या माणसाला येत होतं.

शनिवारी सभागृह भरलं. स्टेजवर संचालक मंडळ वयाच्या क्रमानं बसलं होतं. एका टोकाला बापू थोरात, संस्थेच्या स्थापनेपासूनचे संचालक, तोंडात एकही दात नसलेले. मध्ये तात्यासाहेब. दुसऱ्या टोकाला डॉ. सावर्डेकर, नुकतेच मंडळात आलेले तरुण दंतवैद्य. प्राध्यापक खाली पहिल्या रांगेत होते. वसतिगृहाच्या मुलींना माने काकूंनी शिस्तीत मागे बसवलं होतं. माने काकू स्वतः रडत होत्या, पण शिस्तीत.

तात्यासाहेबांनी भाषण केलं. मेंढरं आली, शास्त्र आलं, मुलींच्या नाजूक मनाची काळजी आली. ‘परिणाम’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की मला माझ्याच शीर्षकाची शिसारी आली. मग माझ्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि बोंद्रे सर माईकवर म्हणाले, “सत्कारमूर्ती आता दोन शब्द बोलतील.”

आभार मानून खाली बसायचं असं ठरलं होतं. मी माईकपुढे गेले. समोर मागच्या रांगेत नसीम दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

“तात्यासाहेबांनी माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं,” मी म्हणाले. “म्हणून त्याच पद्धतीनं अजून एक अभ्यास आत्ता इथे करून दाखवते. फार वेळ लागणार नाही. बापू, आपण मंडळात केव्हापासून आहात?”

बापूंनी कानाला हात लावला. शेजारच्यानं ओरडून सांगितलं.

“पहिल्यापासनं!” बापू अभिमानानं म्हणाले.

“आणि आपल्याला दात किती आहेत?”

सभागृहात खसखस पिकली. बापूंनी तोंड उघडून दाखवलं.

“डॉक्टरसाहेब, आपण मंडळात केव्हा आलात?”

“दिवाळीत,” सावर्डेकर म्हणाले.

“आणि दात?”

“सगळे आहेत,” ते म्हणाले आणि हसले. खरंच सगळे होते.

“मधल्या साहेबांना मी विचारत नाही,” मी म्हणाले, “पण दिसतंय ते असं. मंडळावर जितकी जास्त वर्षं, तितके दात कमी. म्हणजे संचालक मंडळाचा दातांवर फार वाईट परिणाम होतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या दातांची काळजी म्हणून मंडळ जूनपासून बंद करावं, असं मी सुचवते.”

सभागृह फुटलं. पोरं बाकं वाजवायला लागली. बजरंगनं शिट्टी मारली. तात्यासाहेब मात्र हसत नव्हते. आवाज थोडा कमी झाला तशी मी घाईघाईनं म्हणाले, “दात वयानं पडतात, मंडळानं नाही. तसंच वसतिगृहातल्या मुली वसतिगृहामुळे खचलेल्या नव्हत्या. त्या आठवड्यात मोटर जळली होती. आम्हाला पाणी नव्हतं!”

पण हे कुणी ऐकलंच नाही. अजून सगळे दातांनाच हसत होते. बापू थोरात शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, “पोरगी खरं बोलती. मंडळात आलो तवा माझं समदं दात जागच्या जागी हुतं!” आणि पुन्हा हशा. मला वाटलं होतं, मी मुद्दा सांगितला की लोकांना पटेल. लोकांना विनोद पटला होता.

तात्यासाहेब उठले. सभागृह चिडीचूप झालं.

“हेर्लेकर,” ते पहिल्या रांगेकडे बघून म्हणाले, “हे तुम्ही शिकवता पोरांना?”

हेर्लेकर सर उभे राहिले. त्यांच्या कोटाचं वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. मी मनात म्हणत होते, बोला सर, एकदा तरी बोला.

“साहेब,” सर त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, “मुलगी लहान आहे, चुकली. तिच्या वतीनं मी क्षमा मागतो. तिनं केलेलं संशोधन किती मोठं आहे हे तिलाच कळलेलं नाही. ते साहेबांना कळलं.”

माझ्या हातातला नारळ मी इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

“वसतिगृहाचा मनावर काय परिणाम होतो,” सर पुढे म्हणाले, “याचा विचार अजून कुणी केलेला नाही. आपल्या संस्थेत तो साहेबांनी केला. पण एवढ्या मोठ्या विचाराला पंधरा मुली म्हणजे फारच थोड्या होतात. उद्या विद्यापीठात कुणी विचारलं, की मुळीक साहेबांनी एवढा मोठा निर्णय फक्त पंधरा मुलींवरून घेतला? तर साहेबांच्या नावाला ते शोभणार नाही. माझी विनंती आहे, की या विषयावर साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमावी. ‘मुळीक अभ्यास समिती’. तिनं भरपूर मुलींचा अभ्यास करावा आणि मग साहेबांनी जाहीर करावं. मग कुणाची हिंमत नाही बोलायची.”

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू सैल झालं. “मुळीक अभ्यास समिती,” त्यांनी चव घेतल्यासारखं म्हणून पाहिलं. “मग वसतिगृहाचं काय?”

“ते समितीचा अहवाल येईपर्यंत चालू ठेवावं लागेल, साहेब. बंद केलं तर अभ्यास कशाचा करायचा?”

“बरोबर हाय,” तात्यासाहेब म्हणाले. “बोंद्रे, लिहून घ्या.”

“घेतलं, साहेब.”

टाळ्या पडल्या. मी स्टेजवरून उतरले. शाल खुर्चीवर टाकली आणि सरांच्या पुढून त्यांच्याकडे न बघता गेले. वसतिगृह जूनमध्ये बंद होणार नव्हतं, एवढं माझ्या कानांवर पडलं होतं, पण मनात एकच होतं. या माणसानं चारचौघांत माझ्या वतीनं क्षमा मागितली, खोट्याला मोठं संशोधन म्हटलं आणि साहेबांची आरती केली. माने काकूंनी मला मिठी मारली तरी माझा राग गेला नाही.

सोमवारी मी जिन्याखालच्या खोलीत गेले. सर पुन्हा डबाच खात होते. या वेळी त्यांनी झाकण लावलं नाही.

“सर, तुम्ही खोटं बोललात.”

“कुठलं वाक्य खोटं होतं?”

“ते संशोधन मोठं आहे म्हणालात.”

“कौतुक ते. त्याला खरं-खोटं लावत नाहीत. पुढचं बोल. पंधरा मुली थोड्या होतात, हे खोटं आहे?”

“नाही.”

“अभ्यास करायचा तर वसतिगृह हवं, हे खोटं आहे?”

“नाही. पण सर, समिती आज ना उद्या अहवाल देणारच. मग?”

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. “समितीचा सचिव मी आहे. किती मुली झाल्या म्हणजे पुरेशा झाल्या, हे अध्यक्षांना कसं कळणार? ते मला विचारणार. तू तुझ्या अभ्यासातून शिकलीस ना, की अपुऱ्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये? तू दातांचं सांगितलंस ते अगदी बरोबर होतं. मला ते सुचलं नसतं. पण हाके, ज्याला हरवलं तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ज्याला अध्यक्ष केलं तो येत नाही.”

ते म्हणाले तसंच झालं. तात्यासाहेब वर्षातून एकदा समितीच्या बैठकीला यायचे, चहा प्यायचे, ‘काय, कुठवर आलंय?’ विचारायचे. सर म्हणायचे, “नमुना अजून अपुरा आहे, साहेब, पण या वर्षी मोटर बदलली तर आकडे जास्त भरवशाचे येतील.” मोटर बदलली गेली. पुढच्या वर्षी, आकडे शुद्ध यावेत म्हणून, मेसचा आचारी बदलला. त्याच्या पुढच्या वर्षी खोल्यांना पंखे लागले. फार्मसी कॉलेज गावाबाहेर माळावर गेलं. जूनमधल्या एका मुलाखतीत तात्यासाहेबांनी हेर्लेकर सरांना कायम केलं. समितीचा सचिव मध्येच बदलणं बरं दिसलं नसतं.

नसीमनं एम. ए. पूर्ण केलं, शाळेत लागली आणि मग तिच्या दोन धाकट्या बहिणी एकामागून एक त्याच खोलीत राहून गेल्या. मामाच्या मुलानं त्याला हव्या त्या मुलीशी लग्न केलं. मी जेवायला गेले होते. मी पुढे शिकले आणि काही वर्षांनी त्याच कॉलेजात, त्याच जिन्याखालच्या खोलीत शिकवायला आले. पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र मीच शिकवते. मानसशास्त्र घेतलेल्या पोरांना अजूनही वर्गमुळाचा तितकाच धक्का बसतो.

सर निवृत्त झाले तेव्हा समितीचं सचिवपद माझ्याकडे आलं. तोवर तात्यासाहेब गेले होते. अध्यक्षपदी त्यांचा मुलगा होता, पुण्यात शिकलेला, इंग्रजी बोलणारा, घाईत असणारा. पहिल्याच बैठकीत त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, हा अभ्यास वडिलांच्या काळापासून चालू आहे. ती इमारत मोक्याच्या जागी आहे. स्पष्ट सांगा, निष्कर्षाला अजून किती मुली लागतील?”

खिडकीतून फाटक दिसत होतं. जूनचा पहिला आठवडा होता. एक बाप मुलीची पेटी खाली ठेवून भिंत किती उंच आहे ते बघत होता, आणि त्याच्यामागे अजून पेट्या होत्या.

“ह्या आत्ता येताहेत, सर,” मी म्हणाले. “ह्यांचं शिकून होऊ दे. मग बघू.”